गल्लीचे जनावर : मुंबई शहरातील प्राणिपालनाच्या नियमांची मीमांसा (१८१३–२०२३)

शहरात राहणाऱ्या माणसाने कोणते प्राणी पाळावेत, कोठे पाळावेत आणि त्यांच्यापासून शेजाऱ्यास होणाऱ्या त्रासाची जबाबदारी कोणी घ्यावी, हे प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतात. नगरशासनाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा आरोग्यखात्याच्या प्रकरणात, गटारे व केरकचरा यांच्या जोडीने, ओझरता येऊन जातो. परंतु मुंबई शहराच्या इतिहासात नोंदल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या दंग्यांपैकी एक दंगा कुत्र्यांवरून झाला, ही गोष्ट या विषयाकडे अधिक गंभीरपणे पाहावयास लावणारी आहे. कुत्रा, डुक्कर, म्हैस व कोंबडी या चार प्राण्यांच्या निमित्ताने शहरात जे नियम झाले, ते केवळ स्वच्छतेचे नियम नव्हते. सार्वजनिक रस्ता कोणाचा आणि त्यावर वावरणाऱ्या जीवाचा पालक कोण, या विषयीच्या दोन भिन्न कल्पनांचा संघर्ष त्यांत दडलेला आहे.

इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने जनावर एक तर कोणाच्या तरी मालकीचे असते, नाही तर बेवारशी असते. मालकीचे असेल तर त्याच्या वर्तनाबद्दल मालकास जाब विचारता येतो. बेवारशी असेल तर शासन त्याची वाटेल ती विल्हेवाट लावू शकते. एतद्देशीय नगरजीवनास मात्र या दोहोंमधील एक तिसरा वर्ग परिचित होता. दारोदारच्या शिळ्या भाकरीवर वाढलेला, रात्री गल्लीची राखण करणारा आणि तरीही कोणा एकाचा नसलेला कुत्रा हा त्या वर्गाचा नमुना होय. या तिसऱ्या वर्गासाठी कायद्याजवळ शब्द नव्हता. तो मिळण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

१. सन १८१३ चा नियम व सन १८३२ चा दंगा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचा किल्ला हा दाट वस्तीचा भाग होता. तटबंदीच्या आत इंग्रजांच्या कचेऱ्या व पेढ्या होत्या, तशीच पारशी व हिंदू व्यापाऱ्यांची घरेही होती. मोकाट कुत्र्यांची संख्या वाढून रेबीजचे भय निर्माण झाल्यामुळे सन १८१३ मध्ये मॅजिस्ट्रेटांनी असा नियम केला की, वर्षातील दोन उष्ण कालखंडांत, म्हणजे १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतींत, मोकाट कुत्रे मारण्यात यावेत. उन्हाळ्यात कुत्रे पिसाळतात ही त्या काळची सार्वत्रिक समजूत होती व नियमाची मुदत तिच्यावर आधारलेली होती.

या नियमामागील भय काल्पनिक नव्हते, हे येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर तेव्हा कोणताही उपाय नव्हता. पाश्चर यांनी माणसावर रेबीजची लस पहिल्यांदा वापरली ती सन १८८५ मध्ये, आणि हिंदुस्थानात कसौली येथे पाश्चर संस्था निघाली ती सन १९०० मध्ये. लक्षणे दिसू लागलेल्या रोग्याचा मृत्यू अटळ होता. तो आजही जवळजवळ अटळच आहे. तेव्हा अधिकाऱ्यांनी काही उपाय योजावा हे स्वाभाविक होते. उपाय कोणता योजला व तो कोणाच्या हाती सोपविला, हा खरा प्रश्न आहे.

सन १८३२ मध्ये मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस देण्यात येऊ लागले. या बक्षिसाने नियमाचे स्वरूपच पालटून टाकले. मोकाट कुत्रा शोधून त्याचा पाठलाग करण्यापेक्षा ओळखीचा, माणसाळलेला, दाराशी बसलेला कुत्रा पकडणे सोपे होते, आणि बक्षीस दोहोंस सारखेच होते. कुत्रे मारणारे लोक खाजगी घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्री ओढून नेतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. पट्टा, बिल्ला किंवा नोंदवही यांपैकी काहीही अस्तित्वात नसल्यामुळे कोणता कुत्रा पाळीव व कोणता मोकाट, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्यक्षात सोटा हाती घेतलेल्या माणसाकडे गेला.

दिनांक ६ जून १८३२ हा पारशांच्या पवित्र दिवसांपैकी एक होता. त्या दिवशी किल्ल्यात कुत्रे मारण्याचे काम चालू असता सुमारे दोनशे पारशांच्या जमावाने पोलिसांच्या माणसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी प्रकरणास वेगळे वळण लागले. पारशांनी दुकाने बंद ठेवली. हिंदू, जैन व इस्माइली व्यापारी त्यांना येऊन मिळाले. बाजार ओस पडला आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारा रसदीचा पुरवठा अडविण्यात आला. अखेर लष्कर बोलावून बंदोबस्त करावा लागला व पुढाऱ्यांस अटक झाली. तथापि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि कुत्रे ठार न मारता शहराबाहेर नेऊन सोडावेत, या दिशेने तडजोड झाली.

पारशांच्या क्षोभाचे कारण सामान्यतः धार्मिक मानले जाते, आणि ते खरेही आहे. वेंदिदादमध्ये कुत्र्याच्या रक्षणासंबंधी सविस्तर आज्ञा आहेत, आणि मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचे एक अंग आहे. परंतु केवळ पारशांचा धर्म हेच कारण असते, तर दुसऱ्या दिवशीचा सर्व जातींचा बंद घडून आला नसता. जैनांची अहिंसा, हिंदूंच्या पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ, जेवणापूर्वी काढून ठेवला जाणारा कुत्र्याकावळ्याचा घास, खंडोबा व दत्त यांच्या सान्निध्यातील श्वान या सर्व परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न असले तरी त्यांतून निष्पन्न होणारा व्यवहार एकच होता : गल्लीतील प्राण्यास अन्न देणे हे गल्लीचे काम आहे. ज्याला सगळे खाऊ घालतात त्याला ‘बेवारशी’ म्हणणे हे या लोकांच्या दृष्टीने वस्तुस्थितीस सोडून होते. यास जोड मिळाली ती घराच्या उंबरठ्याच्या आत शिरणाऱ्या पोलिसी सत्तेविषयीच्या संतापाची. धर्मभावना, शेजारधर्म व घराचे खाजगीपण या तिहींचा संयोग झाल्यामुळेच कुत्र्यावरून बाजार बंद पडला.

२. पांजरपोळ : व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा

दंग्यानंतर दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १८३४ रोजी, जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद (मोतीशा शेठ) यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. एक पारशी व एक जैन अशा दोन धनिकांनी मिळून ती काढावी हे १८३२ च्या बंदातील सहकार्याचेच फलित म्हणावे लागते. पांजरपोळ ही संस्था गुजरातेत पूर्वीपासून प्रचलित होती. भाकड, जखमी व म्हाताऱ्या जनावरांना मरेपर्यंत पोसणे हे तिचे कार्य असे, आणि तिचा खर्च व्यापारी आपल्या मालावर स्वेच्छेने बसवून घेतलेल्या लागेतून चालवीत. मुंबईत तिला एक नवे प्रयोजन प्राप्त झाले. शासनाचा मारण्याचा अधिकार आणि लोकांची न मारण्याची भावना यांच्यामध्ये ती उभी राहिली.

या तोडग्याची मर्यादाही स्पष्ट आहे. पांजरपोळ प्राण्यास रस्त्यावरून उचलून आश्रय देते; म्हणजे रस्त्यावर त्याला स्थान नाही, हे शासनाचे मूळ गृहीतक ती मुकाट्याने मान्य करते. गल्लीचा कुत्रा गल्लीतच राहावा, परंतु उपद्रवकारक होऊ नये, ही व्यवस्था तिला करता येण्यासारखी नव्हती. तसेच तिचा आधार दानधर्म हा होता, आणि दानाची वाढ ही शहराच्या वाढीच्या प्रमाणात होत नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देशी संस्थेच्या जोडीला विलायती धर्तीच्या संस्था आल्या. सन १८७४ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली, पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले, आणि सन १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांचे लक्ष प्रामुख्याने गाडीस जुंपलेला घोडा व बैल यांच्याकडे, म्हणजे मालक असलेल्या जनावराकडे होते. मालकाने जनावरास कसे वागवावे हा त्यांचा विषय. मालक नसलेल्या जनावरास कसे वागवावे हा नव्हे.

३. उपद्रव, परवाना व कोंडवाडा

सन १८६५ च्या कायद्याने मुंबईत म्युनिसिपल कमिशनरचे अधिकारपद निर्माण झाले व आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर झाले. पटकी व ताप यांच्या साथींनी त्रस्त झालेल्या त्या शहरात दुर्गंधी व रोग यांचा कार्यकारणसंबंध गृहीत धरला जाई. त्यामुळे गोठे, खाटीकखाने, कातडी कमावण्याच्या जागा व डुकरांचे कळप यांवर आरोग्याधिकाऱ्यांची दृष्टी वळली. या धोरणाचे पक्के स्वरूप सन १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात दिसून येते.

या कायद्याच्या कलम ३८४ मध्ये प्राणिपालनासंबंधी तीन तत्त्वे आढळतात. पहिले, कमिशनरच्या लेखी परवानगीवाचून डुकरे पाळू नयेत. दुसरे, कोणीही आपल्या जागेत कोणताही प्राणी अशा रीतीने ठेवू नये की जेणेकरून तो इतरांस उपद्रवकारक किंवा धोकादायक होईल. तिसरे, जनावरांस विष्ठा वा तत्सम घाण खाऊ घालू नये. मोकाट आढळलेले डुक्कर तत्काळ मारून टाकण्याचा अधिकारही याच कलमाने दिला. याखेरीज विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा दुधासारख्या उत्पन्नासाठी जनावरे ठेवणाऱ्यास परवाना घेणे भाग पडले (कलम ३९४).

या रचनेचा बारकाईने विचार केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. कुत्रा, मांजर, बकरी अथवा कोंबडी पाळणे या कायद्याने कोठेही निषिद्ध ठरविलेले नाही. उपद्रव होईपर्यंत कायदा मौन बाळगतो. संख्येची मर्यादा नाही, अंतराची अट नाही. शेजाऱ्याने तक्रार केली तरच प्रश्न उद्भवतो. चाळीतील बिऱ्हाडकरूंच्या दाट वस्तीस ही लवचीकता उपकारक ठरली. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, उपद्रव कशास म्हणावे हे तक्रार करणाऱ्याच्या वजनावर अवलंबून राहिले. डुकरासंबंधीचा अपवाद या दृष्टीने बोलका आहे. वांद्रे, माहीम या बाजूंच्या गावठाणांतून ख्रिस्ती कुटुंबे परसात डुकरे व कोंबड्या पाळीत असत. दलित वस्त्यांतूनही डुकरे पाळली जात. म्हशीच्या शेणामूत्राने होणारी घाण कमी नव्हती, परंतु म्हशीस परवाना पुरेसा होता आणि डुकरास मृत्यू. दुधाची गरज सर्वांस होती; डुकराच्या पालकांचा आवाज क्षीण होता.

मालक असूनही रस्त्यावर हिंडणाऱ्या गुरांसाठी सन १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा होता. त्यातूनच ‘कोंडवाडा’ ही संस्था मराठी मुलखात गावोगाव परिचित झाली. पकडलेले जनावर कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड व वैरणीचा खर्च भरून सोडवून न्यावे, ठरावीक मुदतीत कोणी आले नाही तर जाहीर लिलाव करावा, अशी त्याची पद्धत होती. गुराला बाजारात किंमत असल्यामुळे ही पद्धत चालू शकली. कुत्र्यास किंमत नसल्यामुळे त्याचा ना दंड भरला जाई, ना लिलाव होई. कोंडवाड्याची कल्पना कुत्र्यास लावली की तिचे रूपांतर वधगृहात होत असे. एकच न्याय दोन प्राण्यांस लावला असता दोन भिन्न परिणाम घडून आले, त्याचे मूळ हे आहे.

४. तबेल्याचे स्थलांतर

विसाव्या शतकात या विषयाचा केंद्रबिंदू म्हैस हा झाला. मुंबईतील दुधाचा मोठा भाग शहरातल्याच तबेल्यांतून येई. तबेलेवाला व्यालेली म्हैस बाहेरून विकत आणी, ती दूध देई तोवर तिला ठेवी आणि आटली की खाटकाला विकून टाकी. शहरातील जागेच्या भाड्यात व वैरणीच्या भावात भाकड जनावर पोसणे त्याला परवडत नसे. अशा रीतीने उत्तम जातीच्या म्हशी ऐन उमेदीत कापल्या जात. परवान्याच्या नियमाने या व्यवहारातील घाण काही अंशी आटोक्यात आली असेल, पण त्याचे अर्थकारण पालटणे नियमाच्या आवाक्यात नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उद्भवलेल्या दूधटंचाईतून पुढे मुंबई दूध योजना आकारास आली, आणि दारा खुरोडी यांच्या नेतृत्वाखाली सन १९४९ मध्ये गोरेगावनजीक आरे दूध वसाहतीची उभारणी झाली. शहरातील जनावरे मालकांच्याच ताब्यात ठेवून, परंतु शासनाने बांधलेल्या गोठ्यांत, सुमारे सोळा हजारांच्या संख्येने एकत्र आणावीत, अशी ही योजना होती. खुरोडी यांस सन १९६३ मध्ये वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आरेचे महत्त्व असे की, येथे शासनाने प्रथमच नुसता निषेध न करता पर्यायी जागा दिली. जनावर हलविले, पण त्याच्यावर जगणाऱ्या माणसाचा धंदा मोडला नाही. तरीही सर्व तबेले काही आरेत गेले नाहीत. उपनगरांत ते वाढतच राहिले, आणि सन १९७६ मध्ये नागरी क्षेत्रांत गुरे पाळणे व त्यांची ने-आण करणे यांवर नियंत्रण घालणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने केला. गाय व म्हैस ही शहरातील घरगुती जनावरे राहिली नसून परवानाधीन जनावरे झाली, हे या कायद्याने निश्चित झाले.

५. परसातील कोंबडी

कोंबडीची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे. तिला मालक असतो. रात्री ती खुराड्यात किंवा डालग्याखाली असते. परंतु दिवसभर ती उकिरड्यावर, गटाराकाठी व शेजाऱ्याच्या अंगणात चरते. तिला पोसण्यास खर्च जवळजवळ नाही, आणि तिचे अंडे हा गरीब घरातील स्त्रीच्या हाती राहणारा थोडाबहुत पैसा होय. ती परवान्याच्या कक्षेत आली नाही, कारण तिचा व्यापार नगण्य. करात आली नाही, कारण तिची गणती अशक्य. सन १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यात, जो पुण्यासारख्या शहरांना लागू झाला, कुत्र्यांवरील कर हा महानगरपालिकेच्या ऐच्छिक करांपैकी एक म्हणून नमूद आहे. कोंबडीवर मात्र कोणी कर सुचविल्याचे त्यात दिसत नाही.

या अदृश्यतेचा परिणाम सन २००६ मध्ये दृष्टोत्पत्तीस आला. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर या नगरपालिका असलेल्या गावी बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव निश्चित झाला. नवापूर हे मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांचे ठिकाण. रोगग्रस्त क्षेत्रातील सर्व पक्षी नष्ट करण्याचा आदेश निघाला, आणि तो केंद्रांतील पक्ष्यांप्रमाणेच घरोघरच्या परसातील कोंबड्यांनाही लागू झाला. केंद्रांतील पक्ष्यांची संख्या वह्यांतून मिळत होती. परसातील कोंबड्यांसाठी घरोघर फिरावे लागले. नियमाने ज्यांची कधी नोंद घेतली नाही, अशा प्राण्यांशी शासनाची पहिली भेट त्यांना मारण्याच्या प्रसंगी व्हावी, यात १८३२ ची पुनरावृत्ती दिसते. फरक इतकाच की येथे नुकसानभरपाईची तरतूद होती, आणि रोगाचे स्वरूप शास्त्राने ठरविलेले होते. सन २००९ मध्ये प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा होऊन अशा कारवाईस सर्व देशभर एकच विधिवत आधार मिळाला.

६. तिसऱ्या वर्गाची मान्यता

मोकाट कुत्रे मारण्याचे धोरण मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालू राहिले. त्याविरुद्धचा मुख्य आक्षेप आता धार्मिक न राहता व्यावहारिक बनला. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी बाहेरचे कुत्रे येतात, उरलेल्यांची प्रजा वाढते आणि कित्येक दशके मारूनही संख्या घटत नाही, असा तो आक्षेप होता. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रा त्याच जागी परत सोडावा, ही पद्धत १९९० नंतर मुंबईत स्वीकारली गेली, आणि सन २००१ च्या केंद्रीय प्राणिजनन-नियंत्रण नियमांनी ती देशभर विहित झाली. याने वाद मिटला नाही. सन २००८ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने महापालिकांचा कुत्रे मारण्याचा वैधानिक अधिकार मान्य केला; पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

सन २०२३ च्या सुधारित नियमांत एक महत्त्वाची संज्ञा आली : सामुदायिक प्राणी. रहिवासी संघाने अथवा स्थानिक संस्थेने अशा प्राण्यांना अन्न देण्याची जागा व वेळ ठरवावी, असे हे नियम सांगतात. मालकीचा नाही, तरी बेवारशीही नाही. तो वस्तीचा आहे, आणि वस्तीचा म्हणून वस्तीस त्याच्याविषयी कर्तव्य आहे. १८३२ च्या जमावास जे आचारातून ठाऊक होते, त्याला कायद्याच्या भाषेत स्थान मिळण्यास अशी एकशे एक्याण्णव वर्षे लागली.

मात्र संज्ञा मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. दिनांक ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्रे उचलून कायमचे निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो पालटला. निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे सोडू नयेत, आणि खाऊ घालणे नेमून दिलेल्या जागीच व्हावे, असे ठरले. मारणे, आश्रयात कोंडणे व गल्लीत ठेवणे या तीन मार्गांपैकी निवड करण्याचा जो प्रसंग १८३२ ते १८३४ या काळात मुंबईवर आला होता, तोच पुन्हा उभा राहिल्याचे येथे दिसते.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, प्राणिपालनाचे जे नियम प्राण्याच्या पालकास पर्याय देऊन केले गेले, ते कमी विरोधाने अमलात आले. आरे वसाहत हे त्याचे उदाहरण. दुसरा, ज्या नियमांत पाळीव व मोकाट यांतील भेद ओळखण्याचे साधन न देताच शिक्षेचे साधन दिले गेले, ते नियम अन्यायाचे कारण झाले. आठ आण्यांचे बक्षीस हे त्याचे उदाहरण. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, गल्लीने पोसलेल्या प्राण्याविषयीची जुनी भावना अन्नदानापुरतीच बांधलेली होती. घास घालण्याचे पुण्य सर्वांचे होते. दंश झालेल्या मुलाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. जुन्या कायद्याने प्राण्याचे वस्तीशी असलेले नाते नाकारले, आणि जुन्या आचाराने त्या नात्यातून निघणारे दायित्व पत्करले नाही. लस, नोंद व निर्बीजीकरण यांचा भार जेव्हा वस्ती व महानगरपालिका मिळून उचलतील, तेव्हाच ‘सामुदायिक’ या शब्दास अर्थ प्राप्त होईल. तोवर या प्रश्नाचा भार त्यांच्याच माथी राहणार, ज्यांचे जगणे व झोपणे रस्त्यावर आहे, मग ती माणसे असोत वा कुत्री.